आशा, दोरी आणि नांगर : सहा रेकॉर्डिंगच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार, वास्को

काम ठरलं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वयस्कर माणसांसाठी 'पवित्र शास्त्रातली आशा', म्हणजे बायबलमधली आशा, या विषयावर सहा रेकॉर्डिंग करायची, प्रत्येकी दहा-अकरा मिनिटांची. चौदा जण आहेत. त्यांतल्या नऊ जणांना शास्त्राची बारीक अक्षरं आता लागत नाहीत, पण फोन सगळ्यांच्या घरी आहे. पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. कॅथलिक लोकांचं हे जयंती वर्ष आहे आणि त्याचा विषयही आशाच आहे, त्यामुळे शेजारीपाजारी हा शब्द रोज कानावर पडतोय.

आधी एक कच्चं टिपण केलं : आशा म्हणजे पुढे चांगलं होईल असं मनात धरणं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं तर बँकेच्या कॅलेंडरवर पण असतं." टिपण फाडलं.

मग शब्दच हातात घेतला. मराठीत आशेला फारसं चांगलं नाव नाही. आशेला लावणं म्हणजे फसवणं. आशाळभूत हा शब्द तर शिवीच्या जवळचा. शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं संस्कृत सुभाषित अजून आठवतं : आशा ही माणसाची अजब साखळी आहे, जे तिने बांधले जातात ते धावत सुटतात आणि जे तिच्यातून सुटतात ते पांगळ्यासारखे जागीच बसतात. आमची माणसं शास्त्रात 'आशा' वाचतात तेव्हा हा सगळा गाळ त्या शब्दाबरोबर कानात जातो. तो आधी काढावा लागेल.

८ जून, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांकडे दीड तास बसलो. इब्री भाषा ते शिकले आहेत. जुन्या करारात जिथे आपण आशा वाचतो तिथे बऱ्याच ठिकाणी मूळ शब्द आहे 'तिक्वा'. आणि या शब्दाचा दुसरा अर्थ दोरी!

दोरी या अर्थाने तो एकाच गोष्टीत येतो, यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात. यरीहो शहरातली राहाब दोन हेरांना लपवते आणि तटाच्या खिडकीतून खाली सोडते. ते जाताना सांगून जातात की खिडकीला ही किरमिजी दोरी बांधून ठेव, घरातली सगळी माणसं आत गोळा कर, म्हणजे आम्ही परत येऊ तेव्हा तुम्हाला कोणी हात लावणार नाही. मला वाटत होतं, ज्या दोराने हेर उतरले तोच हा. पाळकसाहेबांनी दुरुस्त केलं. उतरण्याच्या दोराला तिथे वेगळा शब्द आहे. तिक्वा म्हटलंय ते फक्त खिडकीला बांधलेल्या दोरीला. पिळणं, ताणून धरणं आणि वाट पाहणं हे अर्थ एकाच धातूतून निघाले असावेत असं मानणारे कोशकार आहेत.

मी बत्तीस वर्षं मांडवी आणि झुआरी नद्यांवर खाणींचं खनिज वाहणाऱ्या बार्जवर काढली. खलाशी म्हणून चढलो, शेवटची अकरा वर्षं सारंग होतो. दोर मला कळतो. पिळाशिवाय दोर होत नाही, आणि ताण आल्याशिवाय दोर धरलाय की नुसता पडलाय हे समजत नाही. घरी येताना डोक्यात तेच चाललं होतं. राहाबने दोरी बांधली आणि मग तिच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही. बाहेर फौज सात दिवस फेऱ्या मारतेय, आत हिचं सगळं घर एका खोलीत. तिची आशा कुठे होती? मनात असेल ती असेल, पण खिडकीला बांधलेली होती हे नक्की. दुसऱ्याने दिलेल्या शब्दाला बांधलेली.

गुरुजींची साखळी आणि राहाबची दोरी, पहिल्या रेकॉर्डिंगला हे दोन पुरेत.

११ जून, बुधवार

रेकॉर्डिंग १ झालं, चौथ्या खेपेला. पाऊस यंदा मे महिन्यातच लागला आणि आमच्या मागच्या खोलीवर पत्रे आहेत. पहिल्या तीन खेपांत माझ्यापेक्षा पावसाचाच आवाज जास्त. शेवटी कपाटाचं दार उघडून, आत गोधडी टांगून, तिच्याकडे तोंड करून बोललो. मधे एक विमान गेलं तेवढं धाकट्याने कापून काढलं.

१५ जून, रविवार

ईयोबाच्या सातव्या अध्यायातलं सहावं वचन आज नीट कळलं. माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने चालले आहेत आणि आशेवाचून संपत आहेत, असं तो म्हणतो. इथेही शब्द तिक्वाच. म्हणजे धोटा पळतोय आणि सूत संपलंय, असंही ते ऐकू येतं. भाषांतरात हे हरवतं, त्याला कोणाचा इलाज नाही.

आजोबा नगरला हातमागावर लुगडी विणायचे. धोट्यातली कांडी संपत आली की त्याचा आवाज बदलायचा, हलका आणि पोकळ व्हायचा, आणि आजोबा न बघताच हात थांबवून दुसरी कांडी भरायचे. ईयोबाला भरायला दुसरी कांडी दिसत नाहीये. तोच ईयोब चौदाव्या अध्यायात म्हणतो की झाडाला आशा असते, तोडलं तरी पाण्याच्या नुसत्या वासाने त्याला धुमारे फुटतात. माणसाचं मात्र तसं नाही. शास्त्राने हे असंच ठेवलंय, पुसून टाकलेलं नाही. आशेबद्दल बोलताना हे सोडून द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

१९ जून, गुरुवार

शेजारच्या मावशी कॅथलिक, माहेर सालसेतमधलं राय. व्हरांड्यात बसून मी काय करतोय ते विचारत होत्या. सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या मागण्यांत भरवंसो आसा. आशा न्हय."

मागणी म्हणजे प्रार्थना. भावार्थ, भरवंसो आणि मोग. पौलाने करिंथकरांना लिहिलेली तीन टिकणारी नावं मराठीत विश्वास, आशा, प्रीती अशी येतात. गोव्याच्या कोंकणीत मधलं नाव भरवंसो आहे. मराठी कानाला भरवसा म्हणजे कोणावर तरी टाकलेला भार. आशा एकट्याने करता येते, भरवशाला समोर कोणीतरी लागतं. मला हा शब्द फार आवडला. मराठी शास्त्रातला आशा हा शब्द बदलावा असं मी म्हणत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये जिथे आशा म्हणेन तिथे एकदा तरी भरवसाही म्हणेन.

२१ जून, शनिवार, चोडण

रायबंदरहून फेरीने चोडणला गेलो. आमच्या बार्जवर इंजिन सांभाळणारा ड्रायव्हर तिथला. आता खाजन शेती करतो, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या जमिनीतली. नांगरट चालू होती, बैल कधीच गेले, पॉवर टिलर आहे. पण चिखलात पाय घालून मागे चालणं तेच. कोर्गुट भात आहे, खाऱ्या मातीतही तग धरणारं. तरी पहिल्या पावसांनी मीठ धुवून नेल्याशिवाय बी टाकता येत नाही. किती पाऊस म्हणजे पुरे, तर तो मातीची चिमूट जिभेवर ठेवून सांगतो. मलाही ठेवायला लावली. मला काही कळलं नाही, त्याला कळलं.

बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली होती, ती चिखल आणि पेंढा कोंबून बुजवत होता. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, तिकडे दिवसातून दोनदा नजर. वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे हे सांगायला मी शब्द शोधत होतो. तो माणूस दिवसभर वाट पाहत होता आणि दिवसभर राबत होता.

२२ जून, रविवार

रेकॉर्डिंग २. स्तोत्र १३०. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो आणि लगेच तेच पुन्हा म्हणतो, शब्दाला शब्द. पाळकसाहेब म्हणाले, मूळ इब्रीतही तसंच दोनदा आहे.

मला याचं कारण सांगावं लागत नाही. रात्रपाळीला असताना पहाटे तीन ते पाच हा वेळ जात नाही. पाणी काळं, किनारा काळा, घड्याळात दर वेळी चारच मिनिटं पुढे गेलेली. पण त्या वेळेत एक गोष्ट मी कधीही मनात आणली नाही : आज उजाडेल की नाही? उजाडणारच. प्रश्न कधीचा असतो, की-नाहीचा नसतो. 'होईल बहुतेक' असं आपण म्हणतो त्यात आणि पहारेकऱ्याच्या वाट पाहण्यात हाच फरक आहे, आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये मी एवढंच सांगितलं. नऊ मिनिटं.

२४ जून, मंगळवार

सांजांव, सेंट जॉनचा सण. गल्लीतली पोरं डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून भिजत होती. काम केलं नाही.

२९ जून, रविवार

रेकॉर्डिंग ३, यिर्मया. यावर मला बरंच बोलायचं होतं.

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन प्रत्येक ख्रिस्ती घरात भिंतीवर आहे : तुमच्याविषयीच्या माझ्या मनातल्या योजना हिताच्या आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याच्या. आमच्याही हॉलमध्ये आहे. पण त्याच्या वरचं दहावं वचन कोणी फ्रेम करत नाही. त्यात सत्तर वर्षं आहेत. बाबेलात नेलेल्या लोकांना हे पत्र गेलंय आणि सांगितलंय की सत्तर वर्षांनी मी तुम्हाला परत आणीन. म्हणजे ज्यांनी ते पत्र हातात घेऊन वाचलं त्यांतले बहुतेक परतीच्या वाटेवर असणार नव्हते. आणि तोवर काय करा? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहराचं भलं मागा. अकरावं वचन एकटं वाचलं की ते उद्या सकाळच्या नोकरीबद्दल वाटतं. तसं ते नाही. दहाव्यासकट वाचलं तर ते जास्त मोठं आहे, असं माझं मत आहे.

मग ३२वा अध्याय. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून हाकेच्या अंतरावर, आणि आसपासचा सगळा मुलूख शत्रूच्या टाचेखाली. यिर्मया सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. कारण या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील असा परमेश्वराचा शब्द आहे.

गोव्यात जमीन घ्यायची तर आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे इथला सातबारा, बघतात, मग वाट कुठून, कूळ आहे का, मग भाव. बुडणाऱ्या शहराच्या कैद्याने एवढ्या काटेकोरपणे कागद केले! 'आशा आहे' असं तो त्या सौद्यात एकदाही म्हणत नाही, वजन करून पैसे मोजतो. मला ही साऱ्या शास्त्रातली आशेची सगळ्यात स्पष्ट गोष्ट वाटते.

बारा मिनिटं झाली. कापली नाहीत.

६ जुलै, रविवार

तीन रेकॉर्डिंग सगळ्यांकडे पोचली. बहुतेकांना आवडली. एक आजोबा राहाबचं दोनदा ऐकून झोपले म्हणे, चांगल्या अर्थाने.

आत्यांना भेटलो. आमच्या कोणाच्याच त्या आत्या नाहीत, पण मंडळीत सगळे आत्याच म्हणतात. वय एक्याऐंशी. त्यांचा मुलगा जाऊन तीन वर्षं होतील. पाच महिने अंथरुणाला होता. मंडळीने उपास केले, रोज रात्री एका घरी प्रार्थना असायची. मीही जायचो.

चहा दिला आणि म्हणाल्या, "ऐकलं मी. चांगलं बोलतोस. पण बाळा, आम्हाला आशा होती. होती." आणि कप उचलून आत गेल्या.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच.

९ जुलै, बुधवार

तीन दिवस तो एकच शब्द डोक्यात. होती.

आज लूकच्या २४व्या अध्यायात तो सापडला. पुनरुत्थानाच्या दिवशी दोघे जण यरुशलेमेहून अम्माऊसकडे चालले आहेत. साठ स्तादिय म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, पायी अडीच-तीन तास. एकाचं नाव क्लयपा. वाटेत येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, ते त्याला ओळखत नाहीत आणि झालेलं सगळं त्यालाच सांगतात. सांगता सांगता म्हणतात, इस्राएलाला सोडवणारा तो हाच, अशी आम्हाला आशा होती.

पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, ग्रीकमधला काळ असा आहे की आम्ही आशा धरून होतो, बराच काळ धरून होतो. मराठीत 'होतो' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. मूठ सुटलेली आहे.

त्यांनी आणखी एक दाखवलं. ग्रीकमध्ये आशेचं नाम 'एल्पिस'. पौलाच्या पत्रांत ते जागोजागी आहे, पण चारही शुभवर्तमानांत एकदाही नाही. क्रियापद तेवढं येतं, तेही पाच ठिकाणी. उसने दिलेले परत मिळतील ही आशा, हेरोदाला चमत्कार बघायला मिळेल ही आशा, असं. शिष्यांच्या तोंडी ते क्रियापद एकदाच येतं, आणि ते हे अम्माऊसच्या वाटेवरचं. माझा आपला अंदाज, तो बरोबर असताना त्यांना या शब्दाची गरज पडली नसेल. पडली ती तो गेल्यावर, आणि तीही भूतकाळात.

१३ जुलै, रविवार

रेकॉर्डिंग ४ केलं, अम्माऊसचं. ऐकलं. शेवटी येशू भाकर मोडतो आणि ते त्याला ओळखतात, तिथवर मी फार लवकर पोचतोय. दोन मिनिटांत त्यांचे डोळे उघडतात. आत्यांना हे ऐकवायची माझी हिंमत नाही. पाठवलं नाही, बाजूला ठेवलं.

२० जुलै, रविवार

प्रेषितांची कृत्ये, २७. हा अध्याय मी बार्जवर असताना कितीदा वाचला असेन. पौलाला कैदी म्हणून रोमला नेतायत आणि जहाज वादळात सापडतं. पुष्कळ दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. मग लूक लिहितो की आम्ही वाचू ही आशाच अखेर संपली. इथे एल्पिस आहे. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागतो. खोली मोजायचं बुडीद टाकतात तर वीस वाव पाणी, थोडं पुढे पंधरा वाव. खडकावर आपटू नये म्हणून मागून चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडावा म्हणून प्रार्थना करत बसतात.

आशा संपलेली माणसं नांगर टाकतात. हे आधी इतक्या वेळा वाचूनही लक्षात आलं नव्हतं. मनातली आशा गेली होती, हाताला नांगर ठाऊक होता. उजाडायच्या आत पौल त्यांना जेवायला लावतो, भाकर घेऊन, उपकार मानून, सगळ्यांसमोर मोडतो. दोनशे शहात्तर माणसं. सगळी किनाऱ्याला लागली.

२६ जुलै, शनिवार

रेकॉर्डिंग ५, नांगराचं.

आज सकाळी चोडणच्या ड्रायव्हरचा फोन, लावणी झाली म्हणून. बोलता बोलता एकदम उजेड पडला. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात पौल म्हणतो की नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं. आणि इब्री लोकांच्या पत्रात, सहाव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात आशा हा आपल्या जिवाचा नांगर आहे, भक्कम आणि न सुटणारा. ग्रीकमध्ये हे दोन अगदी वेगळे शब्द. मराठीत, कोंकणीत एकच! शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर. दोन्हींचं काम न दिसणाऱ्या जमिनीत रुतण्याचं. पौलाने मराठी मनात धरून लिहिलं नाही हे मला कळतं, पण आमच्या भाषेला हे आयतं मिळालंय आणि ते मी सोडणार नाही.

नांगर वजनाने धरतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. दहा मीटर पाणी असेल तर साखळी पन्नास मीटर सोडावी लागते. साखळी तळावर आडवी पडली की ओढ आडवी येते आणि फाळ चिखलात खोल जातात. साखळी आखूड ठेवली की ओढ वरून येते आणि तोच नांगर उपटून घसटत जातो. नवीन पोरं नेहमी साखळी आखूड ठेवतात, नांगर आपल्याजवळ असावा म्हणून.

इब्रींच्या पत्रातला नांगर मात्र खाली जात नाही. तो मंदिरातल्या पडद्याच्या आत, म्हणजे देवासमोर, जातो, जिथे येशू आपल्यासाठी अग्रेसर होऊन गेला आहे. इथे मी वर्षानुवर्षं अडत होतो. पुढे जाणारा नांगर कसला? मग एक रात्र आठवली.

पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी रेतीचा दांडा आणि लाटा, म्हणून मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगावला जायच्या. एकदा कालव्यातून बाहेर पडल्यावर, भरलेली बार्ज ओहोटीत चिखलाच्या पट्ट्यावर बसली. इंजिन लावलं की नुसता गाळ उसळायचा. तेव्हाच्या मास्टरने हलका नांगर होडीत घालायला सांगितला. आम्ही दोघे वल्हवत पुढे खोल पाण्यात गेलो, तिथे तो टाकला, वायर मागे बार्जच्या विंचला. मग भरतीची वाट. पहाटे तीनच्या सुमारास पाणी चढलं. विंच फिरवली, ढिली वायर पाण्यातून वर आली, तिच्यावरून पाणी निथळायला लागलं, ती ताठ झाली, करकरली. आणि बार्ज हलली. वीतभर, मग हातभर. नांगर कोणालाच दिसत नव्हता, वायर कुठे गेलीय एवढं दिसत होतं. आम्ही नांगराला ओढत नव्हतो, नांगराकडे ओढले जात होतो.

कोणीतरी पुढे जाऊन टाकलेला नांगर. रेकॉर्डिंगमध्ये ही गोष्ट सांगताना आवाज थोडा हलला. तसाच ठेवला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मासेमारीबंदी काल संपली. आज पहाटे खारवीवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलरांची लगबग, बर्फ चढतोय, डिझेलचा वास.

धक्क्यावर उभं राहिलो आणि २०१८ आठवलं. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यात खाणी थांबल्या. माझी बार्ज तेव्हापासून बांधलेली. दर सहा महिन्यांनी कोणीतरी सांगायचं, गणपतीनंतर सुरू होणार, निवडणुकीनंतर नक्की. त्या आशेवर मी उसने घेतले. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, दुसऱ्या वर्षी मीच रस्ता बदलून जायला लागलो. नीतिसूत्रांत आहे, लांबलेली आशा काळीज आजारी करते. ते मी अंगावर काढलंय.

म्हणून रोमकरांच्या पाचव्या अध्यायातलं एक वाक्य मला फार जवळचं आहे : ही आशा माणसाला लाजवत नाही. तिथली क्रमवारी बघा. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, आणि शीलातून आशा. आशा सगळ्यात शेवटी येते. मी तिला नेहमी सगळ्यात आधी शोधत होतो. आणि पौल कारण देतो ते बातमीचं नाही. देवाची प्रीती आमच्या अंतःकरणात ओतली गेली आहे, म्हणून लाजवत नाही, असं म्हणतो. 'सुरू होणार' असं सांगणारा कोणी माझ्यावर प्रीती करत नव्हता.

५ ऑगस्ट, मंगळवार

रायला आज कणसांचं फेस्त. शेजारच्या मावशी माहेरी जाऊन दुपारी परतल्या आणि आशीर्वादित केलेलं भाताचं एक कणीस आम्हालाही दिलं. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे चवथीला नवं होईल तेव्हा असंच कणीस दाराला लागेल.

कणीस हिरवट, दाणा दाबला की दूध येतं. भात अजून तयार नाही, मळणीला वेळ आहे. पण हातातलं हे खोटं नाही, शेतात उभं आहे त्यातलंच आहे.

संध्याकाळी रेकॉर्डिंग ६ केलं, समोर कणीस ठेवून. रोमकरांस आठवा अध्याय : सारी सृष्टी प्रसूतीच्या वेणा दिल्यासारखी कण्हतेय, आणि आत्मा हे प्रथमफळ ज्यांना मिळालंय ते आपणही कण्हतोय. लगेच पुढच्या वचनात आशा. जे दिसतं त्याची आशा कोण धरतो? न दिसणाऱ्याची धरतो, म्हणून धीराने वाट पाहतो. प्रथमफळ मिळालेला माणूसही कण्हतो हे मी दोनदा वाचलं, सावकाश.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रेकॉर्डिंग ४ पुन्हा. या वेळी अकरा मिनिटांतली सात वाटेवरच ठेवली. तो त्यांना लगेच ओळख देत नाही. आधी विचारतो, तुम्ही चालता चालता कशाबद्दल बोलताय, आणि ते उभे राहतात, चेहरे उतरलेले. 'आशा होती' हे तो पूर्ण ऐकून घेतो. मधे तोडत नाही. मग बोलतो, त्यांना मंदमतीही म्हणतो, पण त्यांच्याबरोबर चालत राहतो.

१० ऑगस्ट, रविवार

आत्यांकडे स्वतः फोन घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. संपल्यावर बराच वेळ खिडकीकडे बघत होत्या.

मग म्हणाल्या, "त्यांनी त्याला आग्रह केला ना, संध्याकाळ झाली, दिवस कलला, आमच्याकडे राहा म्हणून?"

"हो आत्या."

"आणि त्याला ओळखल्यावर तेच दोघं त्याच घटकेला उठून यरुशलेमेला परत निघाले. अंधारात. सगळी वाट उलटी."

मी पुस्तक उघडून बघितलं. २९वं वचन आणि ३३वं. इतकी वर्षं दोन्ही वाचली, शेजारी शेजारी ठेवून कधी बघितली नव्हती.

"हे तू सांगितलंच नाहीस," त्या म्हणाल्या. "घाल त्यात."

घरी येऊन कपाटाचं दार उघडलं, गोधडी टांगली, शेवटची दोन मिनिटं नव्याने बोललो. नवी प्रत रात्री ९.४०ला पाठवली. ११ मिनिटं १८ सेकंद.